कुंभारांच्या पंक्तीला बसलेला अधिकारी

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर गोंदिया जिल्ह्यात गोठणगावच्या बाजूला झाले. तेथून जवळच नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली. त्या वेळी तो मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. एका दुपारी तेथील एका आजीबाईंनी आम्हा चौघांना घरात बोलावून चहा दिला. लोणी आणि मीठ घातलेला तो चहा माझ्या मित्रांच्या घशाखाली उतरेना. मी मात्र चहापेक्षा भांड्यांकडेच पाहत होतो. पेला चिनी मातीचा होता, पातळ, अंगावर निळा ड्रॅगन. कोपऱ्यात कमरेइतका उंच, अरुंद लाकडी नळा उभा होता आणि त्याला ठिकठिकाणी पितळी पट्टे आवळलेले होते. त्यात चहा, लोणी आणि मीठ घालून दांड्याने घुसळायचे. त्याला दोंगमो म्हणतात. आजीबाईंच्या घरी आता हे काम मिक्सरवर होते. आपल्याकडे जाते पडून असते तसा तो दोंगमो नुसता उभा होता.

भांड्यांकडे का पाहत होतो, ते सांगायला हवे. मी कुंभाराचा मुलगा आहे. शिबिराच्या पहिल्या रात्री शेकोटीभोवती ओळखी झाल्या आणि प्रत्येकाने वडिलांचा व्यवसाय सांगितला, तेव्हा मी शेती असे सांगून मोकळा झालो होतो. आमची शेती पाऊण एकर आहे. बाकी सारे वर्ष माठ, पणत्या, गाडगी आणि पोळ्याचे बैल यांवर चालते.

शिबिराहून परतल्यावर इतिहासाच्या सरांजवळ त्या दोंगमोची गोष्ट निघाली. त्यांनी ग्रंथालयातून चिनी भांड्यांवरचे एक सचित्र पुस्तक काढून दिले. त्यात पाहतो तो काय, तोच दोंगमो! पण लाकडाचा नव्हे, चिनी मातीचा. वर मुकुटासारखी उभी कड, एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला मूठ. पितळी पट्टेसुद्धा मातीतच उठवून रंगवलेले. चिनी भाषेत त्याला दुओमू म्हणतात. दोंगमो हाच शब्द चिनी जिभेवर असा झाला. मी ते चित्र वडिलांना दाखवले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि एवढेच विचारले, की लाकूड मिळत असताना हे मातीत करायला लावणारा शहाणा कोण?

त्या प्रश्नाच्या मागे लागून मी एका माणसापाशी येऊन पोहोचलो. त्याचे नाव तांग यिंग. चिनी मातीच्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या लोकांना हे नाव चांगले परिचित आहे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल, म्हणून हा खटाटोप.

पण त्याआधी तिबेट आणि चीन यांच्यातील भांड्यांच्या देवघेवीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिबेटी कुंभाराची भांडी आपल्याच भांड्यांच्या जातीची: साधी माती, कमी आच, थापटण्याने ठोकून आणलेला आकार. चहाची किटली, छांगचे मडके, शेगडी ही सारी त्या मातीची होत असत. मात्र मानाचे भांडे म्हटले की ते तांब्याचे, चांदीचे किंवा लाकडाचे. चिनी मातीचा पेला बाहेरून यायचा. त्याला तिबेटीत कर्योल म्हणतात आणि त्यातल्या कर या शब्दाचा अर्थच पांढरा. १४३४ च्या सुमारास रचलेल्या एका तिबेटी बखरीत याची सुरस कथा आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला एक राजा आजारी पडला असता पक्ष्याने चोचीतून आणलेल्या चहाच्या डहाळीने त्याला गुण आला. मग इतक्या गुणी पेयाला साजेल असे भांडे हवे म्हणून त्याने चीनकडे पेल्यांची मागणी केली. चीनच्या बादशहाने पेले न पाठवता कारागीर पाठवला आणि त्याने तिबेटातल्याच जिनसांपासून पेले घडवले. कथा ही कथाच. पण पेल्याचे ऋण कोणाचे, हे तिबेटी लोकांनी त्यात मोकळेपणाने मान्य केले आहे.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच जुनी आहे, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. १४०७ साली पाचवे कर्मपा लामा मिंग बादशहा युंगलो याच्या निमंत्रणावरून नानजिंगला गेले. त्या काळात जिंगदेझेनच्या शाही भट्ट्यांतून लामाच्या टोपीच्या आकाराच्या कडेची पांढरीशुभ्र सुरई निघू लागली. हा आकार मूळचा तिबेटी धातुपात्राचा. शाक्य मठात श्वान्द बादशहाच्या काळातले, म्हणजे १४२६ ते १४३५ मधले, चिनी मातीचे भांडे जपून ठेवलेले होते. त्याच्या आतल्या कडेला निळ्या रंगात तिबेटी अक्षरे आहेत. चिनी कारागिराने न कळणारी अक्षरे नमुना पाहून रेखली असणार. मला तर ती रेखताना त्याचा हात किती जपून चालला असेल याचेच कौतुक वाटते.

तेव्हा दोंगमोचे मातीत रूपांतर ही एकट्या बादशहाची लहर नव्हती. मागे तीन-चार शतकांची परंपरा होती. पण ती ज्याच्या काळात कळसाला पोहोचली, तो हा तांग यिंग.

त्याचा जन्म १६८२ चा, ईशान्य चीनमधील शेनयांगचा. घराणे मांचू बादशहाच्या खासगीकडील वंशपरंपरागत चाकरांचे. सोळाव्या वर्षी तो पेकिंगच्या राजवाड्यात कामाला लागला आणि वीसहून अधिक वर्षे तेथेच राबला. चित्रकला, हस्ताक्षर, काव्य यांत त्याला गती होती. राजवाड्याच्या कारखान्यांशी त्याचा संबंध होता. पण मातीला त्याने कधी हात लावलेला नव्हता. १७२८ साली युंगचंग बादशहाच्या दरबारातून हुकूम सुटला, की त्याने दक्षिणेत जियांगशी प्रांतातील जिंगदेझेन येथे जाऊन शाही भट्ट्यांवर देखरेख करावी. वय सेहेचाळीस!

जिंगदेझेन हे गाव म्हणजे एक अजब प्रकार आहे. जवळच्या गावलिंग डोंगरावरून पांढऱ्या मातीला केओलिन हे नाव पडले, ते आज जगभर चालते. ती माती आणि दगडाची भुकटी एकत्र मळून केलेली भांडी तेराशे अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा ती काचेसारखी खणखणीत होतात. आमच्या आव्याची आच त्याहून पुष्कळ कमी असते. एका पेल्याला बहात्तर हात लागतात, असे १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात नमूद आहे. अशा बहात्तर हातांच्या गावावर देखरेख करायला हा दरबारी माणूस आला.

येथे त्याने जे केले त्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे. त्याने घराचे दार लावून घेतले, पाहुणे-रावळे, भेटी-मेजवान्या बंद केल्या आणि तीन वर्षे तो कारागिरांबरोबर राहिला, त्यांच्याबरोबर जेवला, त्यांच्यातच झोपला. माती कशी मळायची, झिलई कशी कालवायची, भट्टीचा रंग कसा ओळखायचा, हे तो त्यांच्याकडून शिकला. आरंभी कारागीर जे सांगतील त्याला नुसती मान डोलावण्यापलीकडे त्याला गत्यंतर नव्हते. तीन वर्षांनी तो त्यांना आपल्या मनातले सांगू शकू लागला. हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, आणि तेही कुठलाही आव न आणता.

आपल्या गोरोबाकाकांनी थापटणे हातात घेऊन संतमंडळींची डोकी तपासली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कुंभाराने परीक्षा घ्यायची आणि मोठमोठ्यांनी निमूट डोके पुढे करायचे! नामदेवांना त्याचा राग आला. तांग यिंगला आला नाही, एवढे मात्र खरे.

शिकलेला माणूस मग स्वस्थ बसला नाही. १७२९ साली त्याने आपल्या एका सहकाऱ्याला हेनान प्रांतात ज्युनचौला धाडले. सुंग काळातील तेथल्या प्रसिद्ध निळ्या-जांभळ्या झिलईची कृती कोणाकडे उरली आहे का, याचा शोध घेण्यासाठी. १७३५ साली त्याने एक शिलालेख तयार केला. त्यात जिंगदेझेनला होणाऱ्या ५७ प्रकारांची नोंद आहे: जुन्या घराण्यांच्या भांड्यांच्या नकला, नवे रंग, परदेशी पद्धतीचे मिनाकाम. कारागिरांच्या घरातली कृती घरातच राहते आणि माणसाबरोबर जाते, हा अनुभव आमच्याही समाजाला आहे. माझ्या आजोबांचे काळे माठ वडिलांना जमत नाहीत, कारण आजोबा अचानक गेले.

त्याच वर्षी युंगचंग वारला आणि छियेनलुंग गादीवर आला. हा बादशहा मोठा हौशी, मोठा चिकित्सक आणि मालक म्हणून मोठा कठीण. १७३६ मध्ये तांग यिंगला ह्वाइआनच्या जकात नाक्यावर नेमले गेले. भट्ट्यांचा खर्च तेथल्या वसुलीतून चाले. नाका एका प्रांतात, भट्ट्या दुसऱ्या प्रांतात. १७३९ पासून त्याच्याकडे जवळचा ज्यूजियांगचा नाका आला, तेव्हा कुठे भट्ट्यांकडे जाणे-येणे सोपे झाले. भांडी निकृष्ट निघाली म्हणून १७४१ साली त्याला बादशहाकडून चांगलीच कानउघाडणी झाली. काही वेळा त्याचे हिशेब नामंजूर होऊन रक्कम त्याच्याच खिशातून वसूल करण्यात आली. भट्टीत भांडे तडकते त्याचा दंड अधिकाऱ्याने भरायचा, हा न्याय वाचून वडील हसले. आमच्याकडे तो दंड कुंभारच भरतो, असे त्यांचे म्हणणे पडले.

आता तिबेटी भांड्यांकडे वळू. छियेनलुंग हा तिबेटी बौद्ध धर्माचा अनुयायी होता. रोल्पै दोर्जे हे त्याचे गुरू. त्यांच्याकडून त्याने दीक्षा घेतली. १७४४ साली त्याने पेकिंगमधील आपल्या वडिलांच्या जुन्या वाड्याचा लामांचा मठ केला. अशा बादशहाला पूजेसाठी भांडी लागणार ती लामांच्या पद्धतीची, आणि देशात सर्वांत उत्तम माती तर जिंगदेझेनची. त्याच्या कारकिर्दीत तिबेटी बुंपा, म्हणजे पूजेचा कलश, मातीत घडला. चिनी लोक त्याला बनबा म्हणू लागले. दोंगमो घडला. शंख, पद्म, मत्स्ययुगुल, छत्र इत्यादी अष्टमंगल चिन्हे पूजेच्या मांडणीसाठी मातीत स्वतंत्र घडली. ही चिन्हे तर आपल्याच भूमीतून तिबेटात गेलेली. या कारकिर्दीची पहिली वीस वर्षे, मधला थोडा काळ वगळता, भट्ट्यांची सूत्रे तांग यिंगच्या हाती होती. लाकूड, पितळ, दगड यांची हुबेहूब भासणारी भांडी मातीत करण्याचा नाद याच काळात शिगेला पोहोचला. १७४३ साली तर त्याने दुहेरी भिंतीचे, बाहेरून जाळी कोरलेले फुलदाणीचे नमुने बादशहापुढे ठेवले.

यात अवघड ते काय, असे कोणी म्हणेल. मी ते आमच्या अंगणात पाहिले. माझ्या हट्टाखातर वडिलांनी दीड हात उंचीचा मातीचा नळा केला, त्यावर तीन पट्टे चढवले आणि माठांबरोबर आव्यात लावला. नळा एका बाजूला कलला आणि पट्ट्यांच्या खाली चिरा गेल्या. पट्ट्याची माती जाड, नळ्याची पातळ. दोन्ही सारख्या आटत नाहीत. लाकडी दोंगमोला जो पट्टा आवळून धरतो, तोच मातीच्या दोंगमोला फाडतो! चिनी माती तर आमच्या मातीहून अधिक आटते. एक फुटाचे कच्चे भांडे भाजून निघाले की सात-आठ इंचांचे उरते, हे तांग यिंगनेच लिहून ठेवले आहे. तेव्हा पुस्तकातल्या त्या एका दुओमूच्या मागे किती कललेले, किती चिरलेले फेकले गेले असतील!

हे तांग यिंगचे लिखाण १७४३ मधले. दरबारी चित्रकारांनी भांडी घडवण्याच्या कामाची वीस चित्रे काढली होती. बादशहाने ती त्याच्याकडे पाठवून प्रत्येक चित्राखाली स्पष्टीकरण लिहिण्याचा हुकूम केला. दगड खणण्यापासून ते गवतात गुंडाळून पिंपात भरण्यापर्यंत सारे त्यात आले आहे. पण मला त्यातली माणसे दिसली. तीन दिवसांची भट्टी चौथ्या दिवशी सकाळी उघडतात, तरीही आतले डबे तापून लाल असतात. कामगार सुती कापडाचे दहा-दहा थर असलेले हातमोजे थंड पाण्यात भिजवून घालतात, डोक्या-खांद्याला ओली फडकी गुंडाळतात आणि आत शिरतात. निळा रंग खलणारे लोक बाकावर बसून महिनाभर मुसळी फिरवतात. मजुरी महिन्याला तीन मासे चांदी, आपल्या हिशेबाने जेमतेम एक तोळा. दोन्ही हातांनी खलणाऱ्याला आणि रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्याला दुप्पट. म्हातारे, लहान मुले, लंगडे, आजारी यांचे पोट या कामावर चाले. आजीबाईंच्या पेल्यावरच्या ड्रॅगनसारखे हजारो निळे ड्रॅगन ज्या रंगाने काढले गेले, त्या रंगाची ही कहाणी आहे.

बादशहाने वाचायच्या पुस्तकात या माणसांची मजुरी लिहिणे हे मला धैर्याचे वाटते. ती वाढवल्याचे मात्र कुठे वाचायला मिळाले नाही. तो शेवटी हुकमाचा चाकर होता. त्याला संत ठरवण्याचा माझा विचार नाही.

विसाव्या चित्रात भट्टीच्या देवाची पूजा आहे. हा देव म्हणजे एक कुंभार, तुंग बिन. मिंग काळात, १५९९ च्या सुमारास, पान श्यांग नावाचा खोजा अधिकारी बादशहासाठी ड्रॅगनचे प्रचंड रांजण भाजून घ्यायला आला. रांजण साधेनात. कारागिरांना फटके बसू लागले. सोबत्यांचे हाल पाहवेनात म्हणून तुंग बिनने पेटत्या भट्टीत उडी घेतली. त्यानंतर रांजण अभंग निघाले, असे सांगतात. भट्टीच्या आवारातच त्याचे देऊळ झाले. तांग यिंगने त्याचे चरित्र लिहिले. एका देवळाच्या भिंतीशी टाकून दिलेला त्या काळचा एक फुटका रांजण त्याला आढळला, तो त्याने उचलवून तुंग बिनच्या देवळात नेऊन ठेवला. दोघांत सव्वाशे वर्षांचे अंतर. त्यात जो फटके मारायला आला तोही शाही अधिकारी, आणि जो फुटका रांजण वाहून नेतो तोही शाही अधिकारी, त्याच खुर्चीवरचा!

कला शाखेच्या मित्रांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. हा माणूस नाटककारही होता. त्याची सतरा नाटके आज उपलब्ध आहेत. बाजारात, जत्रेत चालणारी लोकनाट्ये उचलून त्याने ती शिष्टमान्य अशा कुन्चू शैलीत बसवली. जकात, भट्ट्या आणि नाटके, हे सारे एकाच माणसाने कसे साधले याचे मला नवल वाटते. आमच्यापैकी काहींना परीक्षा आणि एक एकांकिका एका सत्रात झेपत नाही. असो.

१७५० मध्ये त्याची बदली दक्षिणेला, ग्वांगडुंगच्या जकातीवर झाली. तो पुन्हा ज्यूजियांगला आला आणि १७५२ मध्ये त्याने जिंगदेझेनला भेट दिली. छांग नदी ओलांडताना दोन्ही काठांवर गावातील कारागीर, व्यापारी, लहानथोर स्वागताला उभे होते, हे त्याने एका कवितेच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. आता त्याचे वय सत्तर. १७५६ साली आजारपणामुळे त्याने कामातून सुटी मागितली आणि त्याच वर्षी तो वारला.

त्याच्या देखरेखीखाली झालेल्या भांड्यांना पुढे चीनमध्ये तांगच्या भट्ट्यांची भांडी हेच नाव पडले. गेल्या महिन्यात मुंबईच्या शैक्षणिक सहलीत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी भांडी पाहिली, तेव्हा मी काचेला नाक लावून त्यांच्या बुडांशी असलेली तासणी पाहत होतो. रखवालदाराने दोनदा हटकले. पुस्तक ग्रंथालयाला परत करायचे आहे. वडिलांनी अजून दोन दिवस मागून घेतले आहेत. त्यांना पट्टा आधी चढवतात की नळा थोडा सुकल्यावर, ते चित्रात पुन्हा पाहायचे आहे.